चार रविवार नाट्यास्वादाचे : इंदूरमधील एका वर्गाविषयी

राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या सभागृहात या पावसाळ्यात चार रविवार नाट्यास्वादाचा वर्ग भरला होता. वेळ सकाळी दहा ते एक, शुल्क बाराशे रुपये आणि विषय ‘नाटक : अर्थ आणि प्रकार’. विषय वाचताच परीक्षेच्या जुन्या वह्या आठवल्या आणि जावे की न जावे अशा मनःस्थितीतच मी नाव नोंदवले. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगतो; मात्र त्यांतले निम्म्याहून अधिक एकाच सकाळी झाले.

पहिल्या दिवशी सरांनी व्याख्या न सांगता प्रश्न विचारला : ‘नाटक हा शब्द तुम्ही घरात शेवटचा कधी ऐकलात?’ बहुतेकांची उत्तरे ‘नाटकं करू नकोस, मुकाट्याने जेव’ या जातीची निघाली. म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यात नाटक हे खोटेपणाचे नाव, तर ग्रीक भाषेत ‘ड्रामा’ हा शब्द ‘करणे’ या क्रियापदापासून आलेला. एकीकडे आव, दुसरीकडे कृती. सोंग, खेळ, प्रयोग हे शब्दही त्यांनी असेच उलगडले. नाटकाचाही प्रयोग आणि प्रयोगशाळेतलाही प्रयोगच, हे इतकी वर्षे बोलत असूनही मला कधी जाणवले नव्हते.

दुसरा रविवार मात्र खरा. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या दहाव्या शतकातील संस्कृत नाट्यविषयक ग्रंथात रूपकाचे, म्हणजे रंगमंचावर सादर होणाऱ्या रचनेचे, दहा प्रकार सांगितले आहेत आणि ‘नाटक’ हा त्यांपैकी केवळ एक, प्रसिद्ध कथा आणि थोर कुळातला नायक असलेला. आज आपण रंगमंचावरच्या सगळ्यालाच नाटक म्हणतो आणि ‘रूपक’ हा शब्द अलंकारापुरता उरला आहे. परंतु मुखावर चंद्राचा आरोप करणे, म्हणजे मुखालाच चंद्र मानणे, आणि नटावर रामाचा आरोप करणे यांमागची कल्पना एकच आहे, हे सरांनी दोन वाक्यांत दाखवले. पुढे त्यांनी त्या दहांपैकी ‘भाण’ हा प्रकार करून दाखवला. भाणात नट एकटाच असतो. समोर नसलेल्या माणसाचे बोलणे ऐकल्यासारखे करून, ‘काय म्हणतोस?’ असे विचारून तो ते आपणच प्रेक्षकांना सांगतो. यालाच आकाशभाषित म्हणतात. सरांनी रिकाम्या गॅलरीकडे मान वर करून ‘काय म्हणतेस, तो अजून आला नाही?’ असे विचारले आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या काकू चक्क मागे वळून वर पाहू लागल्या. डिम, ईहामृग, समवकार ही त्या दहांतली नावे मी पूर्वी पाठ केली होती. भाण मात्र त्या दिवशी पाहिला.

तिसऱ्या रविवारी हेच सर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवू लागले आणि वर्गाचा जीव गेला. शोकांत नाटक आणि शोकांतिका यांतला फरक, म्हणजे शेवट दुःखाचा असणे वेगळे आणि नायकाच्या हातूनच त्याचा नाश ओढवणे वेगळे, हा वास्तविक तासभर रंगावा असा विषय होता. संस्कृत नाटककार भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंग’मध्ये दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, तो प्रवेश तरी करून दाखवायचा, त्याचा नुसता उल्लेख झाला. भरीस भर म्हणजे आयोजकांनी वाटलेल्या टिपणात संस्कृतातले ‘मृच्छकटिक’ ‘नाटक’ या सदराखाली छापले होते. कल्पित कथा आणि निर्धन झालेला ब्राह्मण नायक असल्यामुळे ते दहांपैकी ‘प्रकरण’ या प्रकारात मोडते, हे आदल्या आठवड्यात शिकवून झाल्यावर ही चूक खटकणारच. मी ती दाखवली, तेव्हा ‘पुढच्या वेळी बघू’ असे उत्तर मिळाले.

शेवटच्या दिवशी मराठी रंगभूमी होती. 1843 साली सांगलीत झालेले विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ आणि 1880 मधले किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ यांतला बदल चांगला समजला : भाव्यांकडे पदे मुख्यतः सूत्रधार म्हणे, किर्लोस्करांकडे पात्रे स्वतःच गाऊ लागली. सरांचा आवाजही बरा असल्याने ते गाऊन दाखवण्यात रंगले आणि लोकनाट्याला शेवटची वीस मिनिटे उरली. त्यांत तमाशा आणि दशावतार आटोपले. माळव्याच्या ‘माच’ची बोळवण एका वाक्यात झाली. इंदुरात बसून, ढोलकाच्या साथीने उंच मंचावर होणारा, आपल्याच मुलखातला गेय नाट्यप्रकार असा उरकावा, याची मला तिसऱ्या रविवारपेक्षाही अधिक चुटपुट लागली.

वर्ग दिवाळीनंतर पुन्हा भरणार असून एका दिवसापुरताही प्रवेश मिळतो, असे कळते. तसे असेल तर दुसरा रविवार निवडावा, टिपणावर विसंबू नये आणि डाव्या बाजूला बसावे. उजवीकडचा पंखा इतका खडखडतो की तिथे आकाशभाषितच काय, साधे भाषणही ऐकू येत नाही.