मंत्र म्हणणारा गणपती सॉफ्ट टॉय: शिवण झकास, पोटातली डबी मात्र काढून टाका

चवथीच्या आधी लेकीसाठी ऑनलाइन मागवला, १,२९९ रुपयांना, इथे गोव्यात, फोंड्याला चार दिवसांत आला. कंपनीचं नाव घेत नाही, असला माल दहा जण विकतात. आधी चांगलं सांगते. कापड मऊ, शिवण पक्की, लेक साडेतीन वर्षांची, सोंड तोंडात घालून चघळतेच, तरी एक धागा निघाला नाही. आवाजाची डबी पाठीच्या वेलक्रोतून काढून दोनदा मशीनलाही लावला, आकार बिघडला नाही. तीन पेन्सिल सेल लागतात, ते सोबत येत नाहीत, आणि झाकण स्क्रूचं आहे तर आधी छोटा स्क्रूड्रायव्हर शोधून ठेवा.

आता मेन गोष्ट. पोट दाबलं की मंत्र लागतात आणि मध्येच एक भसाडा आवाज येतो, "झूठ मत बोलो, भगवान सब देख रहे हैं". बॉक्सवर याचा पत्ताच नाही! दोन दिवस आम्ही हसलो. तिसऱ्या रात्री बघते तर गणपती कपाटाच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे, वर माझी ओढणी टाकलेली. का गं असं, विचारलं तर म्हणते, "तो बघतो मला."

मी वेर्ण्याला शिफ्ट ड्युटीवर, त्यामुळे पोर सहा महिन्यांची असल्यापासून सासूबाईंच्या मांडीवर वाढली. त्यांचा देव वेगळाच. दिवेलागणीला तिला कडेवर घेऊन दिवा लावणार, कापूर लावला की तिचे डोळे चुरचुरतात म्हणून पदराने पुसणार, आणि मग कवळ्याच्या शांतादुर्गेची गोष्ट, शंकर आणि विष्णू भांडायला लागले तेव्हा देवी मधे उभी राहिली आणि दोघांना शांत केलं. लेक म्हणाली, "म्हणजे आज्जीसारखी." कारण नवऱ्याचं नि माझं वाजलं की मधे आज्जीच येतात ना.

हे ऐकून मी जरा वाचायला घेतलं. बोल्बी नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९६९ मध्ये मांडलं होतं की बाळ घाबरलं की ज्या माणसाकडे धावतं, त्या माणसाच्या वागण्यावरून त्याच्या मनात एक हिशोब तयार होतो, हाक मारली तर कोणी येतं की नाही. पुढे १९९० मध्ये कर्कपॅट्रिक आणि शेव्हर यांनी हाच धागा धर्माला जोडला. देवसुद्धा असाच एक धावत जायचा आसरा. २००७ मध्ये स्वीडनमध्ये ग्रँक्विस्ट आणि मंडळींनी पाच ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगितल्या आणि फेल्टच्या बोर्डवर देवाची खूण ठेवायला लावली. ज्या पोरांचं घरचं नातं भक्कम होतं त्यांनी गोष्टीतलं मूल संकटात असताना देव त्याच्या जवळ आणून ठेवला. अर्थात एवढं सरळ पण नाही हं, लहानपणी माया मिळाली नाही म्हणून मोठेपणी एकदम देवाकडे वळलेली माणसं पण त्यांना सापडलीयत.

आम्ही तर "बाप्पा कान कापील" ऐकतच मोठे झालो. माझी चाळिशी आली तरी आरतीत शब्द चुकला की पोटात गोळा येतो, आणि तो गोळा गणपतीचा नाही, आमच्या बाबांचा आहे. म्हणून मला या खेळण्याचा राग आला, पोरीला झोपेत कुशीत घ्यायला दिलेल्या वस्तूत पोलीस कशाला भरायचा?

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे मॅडम, ते फीचर आहे. तोपर्यंत रिटर्नचे सात दिवस पण गेले.

शेवटी नवऱ्याने डबी कायमची काढून टाकली. चवथीला लेकीने गणपती स्वतःच कपाटातून काढला आणि माटोळीखाली, म्हणजे मखरावर फळं-पानं टांगतो त्या चौकटीखाली, नेऊन बसवला, वरून लटकणाऱ्या सुपाऱ्या आणि तोरिंगं त्याला बोट करून दाखवली. मग पोट दाबलं. आवाज आला नाही, एकदा कान लावून बघितलं आणि मग त्याच्या वतीने स्वतःच बोलायला लागली, हुबेहूब सासूबाईंचा सूर, "जेवलीस का गो? ये, बस हांगा."

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही शिवणीला.