नौपाड्यातलं वकील मॅडमचं ऑफिस: नागरिकत्वाच्या कागदांसाठी साडेचार स्टार

माझ्या वहिनी मूळच्या फिलिपिन्सच्या, सेबूच्या. नर्स म्हणून अमेरिकेत गेल्या, तिथे दादाशी लग्न झालं, पुढे अमेरिकन पासपोर्ट घेतला आणि फिलिपिन्सचं नागरिकत्व गेलं. आता सगळे घोडबंदरला राहतात, पण सेबूला त्यांची आई एकटी आहे म्हणून नागरिकत्व परत हवं होतं. ठाण्यात हे कोण करणार असं वाटलेलं, पण गोखले रोडच्या मागच्या गल्लीत या मॅडम मिळाल्या.

मॅडमनी पहिलं विचारलं की आत्ता पासपोर्ट कुठला आहे. भारतीय असता तर त्या तिथेच थांबवणार होत्या, कारण आपल्या १९५५ च्या कायद्याने स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. अमेरिकन आहे म्हटल्यावर फाईल उघडली. फिलिपिन्सचा २००३ चा कायदा आहे, रिपब्लिक ॲक्ट ९२२५, जन्माने फिलिपिनो असलेल्यांना तो एकनिष्ठतेची शपथ घेऊन नागरिकत्व परत देतो आणि अमेरिकेचं सोडायला लावत नाही. दादाला यातून काही मिळत नाही हेही तेव्हाच सांगितलं, उगाच आशा लावली नाही. नुसतं आईकडे राहायचं असेल तर पूर्वीच्या फिलिपिनो नागरिकांना तिथे वर्षभर व्हिसाशिवाय राहता येतं, मग हा खर्च कशाला, असंही स्वतःहून म्हणाल्या, गिऱ्हाईक जाईल याची पर्वा नाही. पण वहिनींना आपल्याच गावात पाहुणी म्हणून जायचं नव्हतं, मतदानही करायचंय.

खरी कमाल मुलांच्या बाबतीत. धाकटी १८ च्या आतली आणि अविवाहित, म्हणून तिचं नाव आईच्याच अर्जात घातलं. मोठा २० चा, त्याचं काही होणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो, पण मॅडमनी तारखा जुळवून पाहिल्या तर तो जन्मला तेव्हा वहिनी अजून फिलिपिनोच होत्या, म्हणजे तो जन्मानेच तिथला नागरिक, त्याला शपथ लागतच नाही, फक्त जन्माची नोंद करायची! वहिनींच्या डोळ्यात पाणी आलं हो.

नावांचा गोंधळही नीट निस्तरला. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, त्यांच्याकडे आईचं माहेरचं आडनाव, त्यामुळे जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट तिन्हीकडे वेगळंच नाव दिसत होतं. मॅडमनी प्रत्येक कागद समोर ठेवून ॲफिडेव्हिट करून दिलं. फी आधी सांगितली तेवढीच घेतली, पावतीसकट. शपथ मात्र स्वतः जाऊन घ्यावी लागते, दूतावास दिल्लीला आहे, एजंटच्या सहीने ते होत नाही, त्यामुळे कोणी घरबसल्या करून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

अर्धा स्टार कापला कारण जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही, वयस्कर माणसांना त्रास होतो, आणि शनिवारी बसायला जागा नसते. गाडी नेऊ नका, स्टेशनवरून चालत जा. जुना फिलिपिन्स पासपोर्ट आणि अमेरिकन नागरिकत्वाचं सर्टिफिकेट पहिल्याच वेळी घेऊन जा, मॅडम ओरिजनल पाहिल्याशिवाय बोलत नाहीत.