पाय लांबवण्यापूर्वीचे सल्लासत्र : माहिती चोख, वेळापत्रक मात्र घाईचे

माझ्या धाकट्या भावाने केवळ उंचीसाठी दोन्ही मांड्यांची हाडे 6 सेंटीमीटरने लांबवून घेण्याचे ठरवले, तेव्हा एका खासगी रुग्णालयाचे शस्त्रक्रियेपूर्वीचे सशुल्क सल्लासत्र आम्ही दोघांनी मिळून घेतले. शल्यचिकित्सकांची भेट, फिजिओथेरपिस्टची भेट आणि शेवटी हाती पडणारे छापील वेळापत्रक, एवढे त्यात मिळते. शस्त्रक्रिया करावी की नाही, यावर आमच्या घरात पुरेसे वाद झाले आहेत. इथे प्रश्न फक्त या सत्राच्या उपयुक्ततेचा आहे.

शल्यचिकित्सकांनी काहीही लपवले नाही. हाड कापून त्याच्या पोकळीत चुंबकावर चालणारा खिळा बसवतात, साधारण 5 ते 7 दिवस थांबतात आणि मग मांडीवर बाहेरून यंत्र धरून रोज सुमारे 1 मिलिमीटर, तेही तीन-चार टप्प्यांत, फट वाढवतात. घाई केल्यास फटीत हाड धरत नाही आणि नसा-स्नायूंवर ताण येतो. फार सावकाश गेल्यास हाड वेळेआधीच जुळून बसते. म्हणजे 6 सेंटीमीटरसाठी केवळ लांबवण्याचेच सुमारे दोन महिने झाले. त्यानंतर नव्या हाडाला टणकपणा येण्यास याहून अधिक काळ लागतो. एक्स-रेमध्ये हाडाच्या चार बाजूंपैकी किमान तीन बाजू सांधलेल्या दिसेपर्यंत पूर्ण भार टाकू द्यायचा नाही, असा त्यांचा नियम असून दर सेंटीमीटरमागे निदान एक महिना धरावा, असे त्यांनी स्वतःच सांगितले.

इतके ऐकल्यावर छापील वेळापत्रकात ‘तिसऱ्या महिन्यात कार्यालयात रुजू’ असे वाचून आम्ही चकित झालो. डॉक्टरांच्याच हिशेबाने सहाव्या महिन्यापर्यंत तरी कुबड्या सुटण्याची खात्री देता येत नाही. घरून संगणकावर काम करणाऱ्याला तिसरा महिना कदाचित जमेल. लोकलने प्रवास करणाऱ्याला किंवा दिवसभर उभे राहणाऱ्याला मुळीच नाही. तक्ता हा फरकच करत नाही. शिवाय इंटरनेटवर लवकर चालू लागलेल्या रुग्णांच्या ज्या जुन्या चित्रफिती दिसतात, त्यांतील काहींमध्ये ‘स्ट्राइड’ हा पोलादी खिळा वापरलेला होता. त्यावर अधिक भार चालत असे, परंतु गंजण्याच्या शंकेमुळे 2021 मध्ये तो बाजारातून मागे घेण्यात आला. त्या चित्रफिती पाहून टायटॅनियमच्या खिळ्यासाठी रजा ठरवू नये, एवढे एक वाक्य या तक्त्यात असायलाच हवे होते.

सत्रातील सर्वांत मोलाचा भाग फिजिओथेरपिस्टचा. घर कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, शौचालय भारतीय पद्धतीचे आहे का, अंघोळीला कोण मदत करणार, असे प्रश्न त्यांनी एकेक करून विचारले. मांडीचे हाड वाढते, पण स्नायू मागे राहतात आणि गुडघा आखडतो. म्हणून रोजचा व्यायाम हाच दिवसाचा मुख्य उद्योग मानावा, त्याला कामाच्या वेळेतून उरलेला तास देऊन भागणार नाही, असे त्यांनी स्पष्टपणे बजावले. व्यायाम मागे पडून गुडघ्याची हालचाल घटू लागली, तर लांबवणे मंद करावे लागते किंवा थांबवावेही लागते आणि सगळ्या तारखा पुढे सरकतात. उकिडवे किंवा मांडी घालून बसणे कधी जमेल, याची तारीख देण्यास त्यांनी नकार दिला. तो नकार मला संपूर्ण तक्त्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटला. भावाची सिगारेट मात्र त्यांनी तारखेसह बंद करायला लावली, कारण निकोटिनमुळे हाड भरण्यास उशीर होतो.

पैशांच्या बाजूने सत्र तोकडे आहे. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही, त्यामुळे बिनपगारी रजा, घरी येणारा मदतनीस आणि महिनोनमहिने चालणारी फिजिओथेरपी हे सगळे पदरचे. यांपैकी कशाचाही अंदाज मिळाला नाही. हाड पक्के झाल्यावर, बहुधा वर्षभरानंतर, खिळा काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया होते आणि त्यानंतरही काही आठवडे धावणे, उड्या मारणे वर्ज्य असते. वेळापत्रकात याचा उल्लेखच नाही. तो खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, असे आम्ही लेखी विचारले, तेव्हा धरलेला नसल्याचे उत्तर आले.

शुल्क फिजिओथेरपिस्टच्या भेटीपुरते वसूल झाले, असे मी म्हणेन. छापील तक्ता भावाने बाजूला ठेवला असून रजेचा अर्ज आता सहा महिन्यांचा केला आहे.