ऑटोक्रॉस कुठे भरवायची: हवाई दलाची धावपट्टी, खासगी पट्टी की मुरमाचं मैदान?

पुण्यात हौशी ऑटोक्रॉस भरवायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी लोहगावच्या हवाई तळाचं नाव काढतं. त्यामागची ओढ मला समजते. एका वेळी एकच गाडी, प्लास्टिकच्या कोनमधून वळणं घेत घड्याळाशी झुंज, या खेळाला धावपट्टीसारखी दुसरी जागा नाही. मोठ्या धावपट्टीची रुंदी साधारण ४५ मीटर असते आणि कडेला ना झाड, ना खांब, ना कठडा. नवशिक्याची गाडी गर्रकन फिरली तरी कशावर आदळत नाही, घसरून थांबते. रात्री हायवेवर गाड्या पळवणाऱ्या पोरांना अशा जागी आणता आलं तर किती बरं होईल, असं मला मनापासून वाटतं.

पण धावपट्टीवर शर्यती होतातच की, असं म्हणत इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन आणि चेन्नईजवळच्या शोलावरमचे दाखले देताना एक गोष्ट निसटते. त्या दोन्ही धावपट्ट्या दुसऱ्या महायुद्धातल्या, आणि शर्यती आल्या त्या विमानं गेल्यावर. लोहगावला मात्र लढाऊ आणि प्रवासी विमानं एकाच धावपट्टीवर उतरतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी ती १४ दिवस बंद होती, तेव्हा पुण्याची प्रवासी उड्डाणंच थांबली. हौशी स्पर्धेसाठी तिथला एक रविवार कोण मोकळा करून देणार?

चालू तळावर शर्यती झालेल्याही आहेत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल कर्टिस लमे यांनी आपल्या अखत्यारीतले हवाई तळ स्पोर्ट्स कारच्या शर्यतींना खुले केले, पण त्यांना स्वतःलाच या खेळाचं वेड होतं. म्हणून माझं मत असं: कार्यक्रम तळाचाच असेल, जवान-अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी असेल आणि तुमचा क्लब फक्त टायमिंग आणि मार्शल (कोर्सवर लक्ष ठेवणारी माणसं) पुरवणार असेल, तरच लष्करी धावपट्टीच्या मागे लागा. तेव्हाही तारीख ऐनवेळी रद्द होऊ शकते हे धरून चाला, प्रेक्षक आणि फोटो विसरा, आणि जमिनीत एकही खिळा ठोकायचा नाही. शेवटी सगळ्यांनी रांगेत चालत पट्टीवरचा खडा न् खडा वेचायचा. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड कोसळलं, त्याची सुरुवात धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीनं टायर फाटण्यातून झाली होती. वडापावचे कागदही मागे राहता कामा नयेत, कारण खरकट्यावर घारी येतात आणि घार विमानाच्या इंजिनात जाऊ शकते.

खासगी पट्टीचा मोठा फायदा म्हणजे बोलणी एकाच मालकाशी. लोणावळ्यापलीकडच्या अँबी व्हॅलीच्या पट्टीवर ड्रॅग, म्हणजे सरळ रेषेतल्या वेगाच्या, शर्यती झालेल्या आहेत. भाडं मात्र जड जातं, त्यामुळे प्रायोजक असेल तरच विचार करा. कोर्स आखताना लांब सरळ भाग अजिबात ठेवू नका, गाडी दुसऱ्या गिअरमध्येच राहिली पाहिजे. डांबरावर पकड चांगली मिळते, म्हणूनच उंच एसयूव्ही तीव्र वळणावर कलंडू शकते. तिला इथे प्रवेश देऊ नका.

मुरमाचं मैदान चाकण, तळेगाव, मुळशी भागात शोधता येतं. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर चौघांच्याही सह्या घ्या. मुरमावर वेग कमी राहतो, टायर कमी झिजतात आणि साध्या हॅचबॅकवाल्यालाही भाग घेता येतो. अडचण धुळीची आणि चरांची. एका वर्षी आम्ही पाण्याचा टँकर एकच सांगितला होता. दुपारनंतर आलेल्या गाड्यांना कोन दिसेनात आणि सकाळच्या वेळांशी त्यांची तुलना करणं अन्यायाचं झालं. तेव्हापासून प्रत्येकाला दोन फेऱ्या, दुसरी उलट्या क्रमानं.

जागा कोणतीही घ्या, एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाची परवानगी, हेल्मेट, अग्निशामक आणि उभी रुग्णवाहिका यात तडजोड नको. गाडीचा नेहमीचा विमा शर्यतीतलं नुकसान भरून देत नाही, हे प्रवेश अर्जावरच ठळक छापा. सार्वजनिक रस्त्याचा तर विचारही नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार तिथे विनापरवानगी शर्यतीला पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तुरुंगवास आहे.

पहिलीच स्पर्धा असेल तर मी मुरूम घेईन. डिसेंबरातला रविवार, पहाटेच पाणी मारून घ्यायचं आणि दुसरा टँकर अकराच्या आत मैदानावर.