पानांचा ड्रॅगन की ठिपक्यांचा ड्रॅगन?

मुलांनो, समुद्रघोड्याचे हे दोन चुलतभाऊ फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात राहतात: लीफी सी-ड्रॅगन आणि वीडी सी-ड्रॅगन.

लीफीच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पानांसारख्या झालरी लोंबतात. त्या हलल्या की वाटतं, त्यांनीच तो पोहतोय. पण झालरी फक्त लपण्यासाठी! पोहायचं काम मानेजवळचे आणि पाठीवरचे इवलेसे पारदर्शक पर करतात. ते इतके भरभर थरथरतात की दिसतच नाहीत. तुटलेलं शेवाळ आपोआप वाहत चाललंय असंच बघणाऱ्याला वाटतं.

वीडीकडे झालरी मोजक्याच. पण रंग पाहा: लालसर अंग, पिवळे ठिपके, छातीपाशी जांभळट-निळे पट्टे. लांबीतही तोच सरस, अगदी 45 सेंटिमीटरपर्यंत.

दात दोघांनाही नाहीत. कोळंबीसारखे चिमुकले जीव ते नळीसारख्या तोंडाने सुर्रकन ओढून घेतात. आणि अंडी सांभाळतो बाबा! समुद्रघोड्यासारखी पिशवी त्याच्याकडे नसते. सुमारे 250 अंडी शेपटीच्या खालच्या बाजूला चिकटवून तो हिंडतो.

लपण्यात लीफी पहिला, पण देखणा मला वीडीच वाटतो. ऑस्ट्रेलियातल्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने लीफीला आपलं सागरी मानचिन्ह केलंय, व्हिक्टोरिया राज्याने वीडीला.