दारावर टांगायचा मानेचा ट्रॅक्शन संच : एका पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा वापर

दारावरच्या कप्पीवरून जाणाऱ्या दोरीच्या एका टोकाला डोक्याचा पट्टा आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची पिशवी, असा हा मानेला ओढ (ट्रॅक्शन) देणारा संच. त्याच्या पिशवीच्या झाकणातील रबरी चकती गेल्या महिन्यात फाटली आणि पाणी गळू लागले. कंपनीच्या तक्रार केंद्राने सांगितले, "मॅडम, पिशवी झिजणाऱ्या वस्तूंत येते, त्यामुळे ती हमीत बसत नाही; आणि ती सुटी विकत नसल्यामुळे आपल्याला पूर्ण संचच नवा घ्यावा लागेल." पट्टा, कप्पी, दोरी, दारावर अडकवायचा आकडा असे सारे धडधाकट असताना काही रुपयांच्या चकतीसाठी हजाराच्या घरातील संच पुन्हा घ्यावा, हा सल्ला मला मुळीच पटला नाही. नाशकात रविवार कारंजाजवळ नळाचे सामान विकणाऱ्या दुकानात त्याच मापाची चकती मिळाली आणि गळती थांबली. या वादाच्या निमित्ताने हा अनुभव लिहिते आहे खरे, पण माझी मुख्य तक्रार गळतीची नाही. ती पिशवीवर छापलेल्या आकड्यांविषयी आहे आणि तिकडे मी येतेच.

आधी दुखणे कोणते होते ते सांगणे आवश्यक आहे, कारण मान दुखते म्हणून कोणीही हा संच आणून दारावर टांगावा अशी ही वस्तू नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. बारावीच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत मानेच्या उजव्या बाजूने सुरू झालेली कळ खवाट्यातून दंडाच्या मागे उतरली आणि मधल्या बोटात मुंग्या राहू लागल्या. जड दार लोटताना उजवा हात कमी पडतो, हे काही दिवसांनी ध्यानात आले. हात डोक्यावर ठेवला की कळ कमी होई. वर्गात तसे उभे राहणे शोभत नसे, तरी मी राहत असे. अस्थिरोगतज्ज्ञांनी मान मागे व उजवीकडे कलती करून डोक्यावर हलका दाब दिला, तशी तीच कळ बोटापर्यंत गेली. या तपासणीला स्पर्लिंग चाचणी म्हणतात. दंडाच्या मागच्या स्नायूची ताकद आणि तेथील हातोडीचा प्रतिसाद, दोन्ही उजवीकडे कमी होते. मानेत मणके सात आणि नसांच्या जोड्या आठ असतात. सहाव्या व सातव्या मणक्यांमधून बाहेर पडणारी सातवी नस दबली की त्रास नेमका या वाटेने जातो. सहावी दबली तर अंगठा आणि तर्जनीत मुंग्या येतात, आठवी दबली तर करंगळीच्या बाजूला. म्हणजे कोणती नस दुखावली आहे हे बरेचसे हातच सांगतो.

सहा आठवडे उलटूनही ताकद परतली नाही, म्हणून एमआरआय झाला. त्यात सहाव्या-सातव्या मणक्यांमधली गादी उजवीकडे सरकलेली दिसली. चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्येही फुगवटा होता, पण माझ्या लक्षणांशी त्याचा मेळ बसत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले. चाळिशी-पन्नाशीनंतर मान अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही असे फुगवटे सर्रास आढळतात. त्यामुळे अहवालातील प्रत्येक ओळ वाचून घाबरण्यात अर्थ नसतो. गोळ्यांपैकी नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिनने झोप लागली, पण पहिल्या तासाला वर्गात डोळे मिटू लागले, म्हणून ती फक्त रात्रीची ठेवली. मानेचा मऊ पट्टा फार दिवस लावू नये, स्नायू ढिले पडतात, असे बजावल्यामुळे तो काही दिवसांतच कपाटात गेला. दंडाची ताकद आणखी घटली किंवा कळ असह्य झाली तर इंजेक्शनचा आणि त्यापुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल, असेही सांगून ठेवले होते. फिजिओथेरपिस्टकडे यंत्रावर ओढ दिली की बरे वाटे. पण रोजचे शुल्क आणि द्वारका चौकातून स्कूटरवर जाताना बसणारे हादरे यांचा हिशेब करून घरीच संच आणायचे ठरवले. डॉक्टरांनी होकार दिला आणि पावसाळ्याच्या तोंडावर गोळे कॉलनीतून तो आणला.

बसवण्यापासूनच अडचणी सुरू झाल्या. आकडा पातळ दारासाठी घडवलेला असल्याने आमच्या मुख्य दारावर तो बसेना आणि न्हाणीघराच्या प्लॅस्टिकच्या दारावर बसवला तर दारच वाकू लागले. शेवटी झोपण्याच्या खोलीचे फ्लश दार उपयोगी पडले. दार आतून बंद करूनच बसायचे, ही शिस्त घरातल्या सर्वांना लावावी लागली. त्याहून गंभीर बाब म्हणजे खोक्यावरच्या चित्रातील माणूस दाराकडे पाठ करून बसला आहे. फिजिओथेरपिस्टने मला दाराकडे तोंड करून बसवले, म्हणजे दोरी किंचित पुढून ओढते, मान थोडी खाली झुकते आणि नस बाहेर पडण्याची फट उघडते. पाठ करून बसले की ओढ मानेला सरळ किंवा मागे नेते. आणि मान मागे गेल्यावर माझी कळ जागी होते, हे तपासणीतच दिसले होते. हनुवटीपेक्षा डोक्यामागच्या हाडावर अधिक ओढ येईल असा पट्टा बांधला नाही, तर मानेच्या जोडीने जबडाही दुखू लागतो.

आता आकड्यांकडे. पिशवीवर पौंडांच्या रेघा छापल्या आहेत. मला सुरुवातीस चार किलो, म्हणजे साधारण नऊ पौंडांची ओढ सांगितली होती आणि ती हळूहळू वाढवायची होती. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो, म्हणून पडताळणी सोपी होती. १० पौंडांच्या रेघेपर्यंत पाणी भरून पिशवी स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवली. साडेचार किलो भरायला हवी होती, ती चार किलोंच्याही किंचित खाली भरली. कारण असे की पिशवी मऊ आहे. टांगल्यावर तळाशी फुगते, पाण्याची पातळी खाली जाते आणि आडवी ठेवून भरली तर रेघेचा अर्थच बदलतो. पुढे, जिथे डोक्याचा पट्टा अडकतो तिथे सामान तोलण्याचा लटकता काटा लावून चार किलोंची पिशवी टांगली. पिशवी खाली येत असताना काटा साडेतीन किलोंच्या आसपास दाखवी आणि मी पट्टा खाली ओढून पिशवी वर उचलत असताना साडेचारांच्या वर जाई. कप्पीचे चाक नीट फिरत नाही, दोरी खोबणीत घासते, आणि हे घर्षण कधी ओढ कमी करते तर कधी वाढवते. बसताना जरा हललो की मानेला हिसका का जाणवतो, याचे उत्तर मला तिथे मिळाले. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब दिल्यावर फरक बराच घटला, पण पूर्णपणे गेला नाही.

कंपनीच्या प्रतिनिधीला हे कळवल्यावर तो म्हणाला, "थोडेफार इकडे-तिकडे चालते, मॅडम." हे मला मान्य नाही. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापावरच्या रेघा चुकल्या तर आपण ती परत करतो. इथे ओढ हीच मात्रा आहे, आणि ज्याच्याजवळ काटा नाही त्याने कशावर विसंबायचे? म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की रेघांकडे लक्ष देऊ नये. मोजपात्राने लिटर मोजून पाणी भरावे.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत या संचाविषयी मी सहकाऱ्यांना मोठ्या उत्साहाने सांगत होते, कारण पंधरा मिनिटे ओढ घेतली की मधल्या बोटातील मुंग्या खरोखरच विरत. दिवाळीपर्यंत दंडाची ताकदही पुष्कळशी परतली. तेव्हा लिहिले असते तर पाचांपैकी पाच तारे दिले असते. पुढे दोन गोष्टींमुळे ते मत बदलले. एक म्हणजे सहामाही परीक्षेच्या गडबडीत ओढ घेणे बरेच दिवस बंद होते, तरी सुधारणा चालूच राहिली. मुंग्या मात्र मानेचा व्यायाम चुकल्यावर लगेच परतल्या. दुसरे म्हणजे या दुखण्याचा स्वाभाविक कल. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९७६ ते १९९० या काळातील ५६१ रुग्णांची पाहणी झाली होती. शेवटच्या नोंदीच्या वेळी सुमारे ९० टक्के रुग्णांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता, आणि शस्त्रक्रिया लागली होती साधारण चौथ्या हिश्श्याला. बहुतेकांची दबलेली नस कालांतराने सावरतेच, मग माझ्या बोटाचे श्रेय कितपत दोरीला द्यायचे आणि कितपत काळाला?

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८६ रुग्णांवरील एका चाचणीने तर माझ्या संचाची अधिकच पंचाईत केली. त्यात केवळ व्यायाम, व्यायामासह यंत्रावरील ओढ आणि व्यायामासह दारावरील ओढ असे तीन गट होते, आणि सहा महिन्यांनंतर सरस ठरला तो यंत्राचा गट. यंत्रात मनुष्य आडवा असतो, मान सैल असते आणि ओढ ठरवल्याप्रमाणे मिळते. दारापाशी बसून घेताना यांपैकी कशाचीच खात्री नसते. दारावरची ओढ निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. कळ उसळलेल्या संध्याकाळी तिच्यासारखा तात्पुरता उतारा मला दुसरा मिळालेला नाही, गोळीपेक्षा ती लवकर लागू पडते आणि तिने गुंगी येत नाही. पण तो उताराच आहे. हनुवटी आत घेऊन मानेचे खोल स्नायू वापरण्याचा आणि खवाटे मागे ओढण्याचा व्यायाम, तसेच उत्तरपत्रिका उतरत्या फळीवर ठेवून तपासणे, यांना ओढीपेक्षा अधिक गुण देईन. संचाला आता पाचांपैकी तीन तारे. त्यांतलाही एक केवळ स्वस्ताईचा.

आमच्या इमारतीतल्या एक काकू परवा हा संच काही दिवसांसाठी मागायला आल्या. त्यांना हाताचा संधिवात आहे आणि अलीकडे शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात, चालताना तोल जातो, असे त्या बोलता बोलता म्हणाल्या. माझ्या डॉक्टरांनी मला आरंभीच बजावले होते की बोटांची कामे बिघडणे, चाल डळमळणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे ही नसेची नव्हे, तर मज्जारज्जू दबल्याची लक्षणे असू शकतात. तशात वजन लावायचे नाही, ताबडतोब दाखवायचे. ऱ्हुमॅटॉइड प्रकारच्या संधिवातात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात आणि तिथे अशी ओढ धोक्याची असते. संच मी दिला नाही. काकू जरा रुसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाला फोन करून हे सर्व सविस्तर सांगितले, आणि त्याने याच आठवड्यात तज्ज्ञांकडे वेळ घेतली आहे.