चामॉय पिकलचं किट: खोकं देखणं, काकडी बिचारी

लेकीने महिनाभर डोकं खाल्लं म्हणून शेवटी चामॉय (मेक्सिकन आंबट-गोड-तिखट सॉस) पिकलचं किट मागवलं, एकवीस डॉलर अधिक शिपिंग. आम्ही टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत राहतो, म्हणजे चामॉय आमच्या घराच्या आसपास कुठेही मिळतं, पण तिला तेच खोकं हवं होतं, व्हिडिओतलं. ब्रँडचं नाव घेत नाही कारण असली किटं डझनभर आहेत आणि मला वाटतं आतला माल थोड्याफार फरकाने तोच असणार.

ज्यांनी हा प्रकार बघितला नाही त्यांच्यासाठी, व्हिनेगरात मुरलेली अख्खी जाडजूड काकडी घ्यायची, चामॉय सॉसमध्ये बुडवून लालभडक करायची, मधून पोकरायची, आत टाकीस (मक्याच्या तिखट कुरकुरीत सुरळ्या) आणि चिंचेची कँडी ठासायची, बाहेरून फ्रूट रोल-अप (फळाच्या स्वादाची गोड चिकट पट्टी) गुंडाळायचं, वर ताहीन हा मिरची-लिंबाचा मसाला भुरभुरायचं आणि कचकन चावायचं. वाचून कसंतरी होतं ना, मलाही झालेलं. (ताहीनच म्हणायचं, स्पेलिंग बघून टाजिन नाही, आणि तिळाची ती ताहिनी पूर्ण वेगळी.)

खोक्यात निघालं काय तर पाऊचमध्ये बंद एक लाल काकडी, चामॉयची छोटी बाटली, टाकीसचं छोटं पाकीट, एक पुल्पारिंदो (चिंचेची वडी), एक लुकास गुसानो (चिंचेची पातळ कँडी), एक रोल-अप आणि ताहीनचं सॅशे. दिसायला झकास. पण काकडी पाऊचमधून काढून कापली तर आत नेहमीसारखी पोपटी, लाल रंग फक्त सालीला! म्हणजे मुरलेलं काहीच नव्हतं, नुसती रंगवलेली. चव खारट आणि व्हिनेगर, बस, गोडाचा पत्ता नाही आणि तिखट तर नाहीच नाही. शिवाय इतकी मऊ पडलेली की पोकरताना एका बाजूने फाटली, आणि जे आत भरलं ते सगळं पोरीच्या टीशर्टवर.

चामॉयच्या बाटलीवरचे घटक वाचले तर पाणी, साखर, मीठ, ॲसिड, मिरची, रेड ४० हा लाल खाद्यरंग. फळ कुठेय? चामॉय म्हणजे मुळात खारवलेल्या फळाचा सॉस आहे हो. जर्दाळू, प्लम किंवा कैरी मिठात मुरवायची, तिला जे पाणी सुटतं त्यात मिरची आणि आंबटपणा, असा तो प्रकार. मेक्सिकोत खारवून वाळवलेले प्लम सालादितोस म्हणून नुसतेच चोखतात. आणि ही आयडिया आशियातून तिकडे गेली असं बरेच जण मानतात, फिलिपिन्समध्ये अशाच सुक्या खारट फळाला कियामॉय म्हणतात, नाव ऐकलं तरी नातं कळतं, आणि फिलिपिन्सचं मनिला ते मेक्सिकोचं अकापुल्को अशी जहाजं १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं ये-जा करत होती. आता त्या सगळ्या प्रवासाच्या शेवटी लाल साखरपाणी हातात आलं की राग येणार की नाही?

बरं बाकीच्या वस्तूंना मी नावं ठेवणार नाही. ताहीन १९८५ पासूनचं, मुख्यतः मिरची, मीठ आणि वाळवलेला लिंबूरस, कशावरही टाका चालतं. पुल्पारिंदो म्हणजे चिंचेचा कोळ, साखर, मीठ, मिरची दाबून केलेली वडी, ती मी पोरीच्या नकळत निम्मी खाल्ली. टाकीस फुएगोबद्दल काय बोलायचं, ती लिंबू-मिरचीची सुरळी आहे आणि मला आवडते. फक्त हे सगळं सुट्टं घेतलं तर त्याच पैशात चार-पाच पिकलं होतात, आणि मग मी तेच केलं.

पहिली गोष्ट काकडी. मोठ्या बरणीतलं अख्खं डिल (शेपूच्या स्वादाचं) पिकल घ्यायचं, फ्रिजच्या कप्प्यात मिळतं ते असेल तर उत्तम, ते करकरीत राहतं. गोड पिकल घेऊ नका, चामॉय आधीच गोड आहे, सरबत होतं. लसणाचं डिलही मला नाही आवडलं, लसूण आणि जर्दाळू यांची भांडणं तोंडात चालू राहतात.

दुसरी गोष्ट चामॉय, आणि खरी मजा इथेच आहे. एक वाटी सुके जर्दाळू, मूठभर हमाइका (म्हणजे अंबाडीच्या भावकीतलीच ती लाल फुलं, मेक्सिकन दुकानात किलोने मिळतात), दोन वाट्या पाणी, पाव वाटी साखर, अर्धा तास उकळायचं. जर्दाळू बोटाने चिरडले की गॅस बंद, त्यात दोन चमचे ताहीन, एक चमचा कुठलीही मिरचीपूड आणि दोन-तीन लिंबांचा रस, मिक्सरमधून गंधासारखं बारीक. गाळायचं नाही, दाटपणा त्यातच आहे. पहिल्या घोटाला आंबट, मग गोड, आणि गिळल्यावर कानाच्या मागे तिखट चढतं. बाटलीतल्याशी याची तुलनाच नको. रंग मात्र भडक येत नाही, विटकरी येतो, लेक म्हणाली "आई हे व्हिडिओसारखं दिसत नाहीये", मी म्हटलं गप खा.

आता जिथे मी आपटले ते सांगते. पहिल्या वेळी काकड्या तशाच उचलून चामॉयमध्ये टाकल्या, दुसऱ्या दिवशी सॉस पातळ पाणी. कारण साधं आहे, साखरेत काकडीला पाणी सुटतं, शिवाय व्हिनेगर अंगावर होतंच. म्हणून आधी पोकरायचं, मग उभी करून अर्धा तास निथळायचं, कागदाने आतून बाहेरून टिपायचं, आणि मगच सॉसमध्ये. पोकरायला सफरचंदाचा गाभा काढायची नळी असते ती बेस्ट, नसेल तर चमच्याचा दांडा, पण बुडाशी बोटभर सोडा नाहीतर खालून गळतं. फ्रिजमध्ये दोन दिवस. एक दिवसात फक्त साल रंगते, म्हणजे किटवाल्यांनी बहुतेक तेवढंही केलं नसावं.

आणि भरायचं खायच्या वेळीच, आधी भरून ठेवलं तर टाकीसचा लगदा. तळाला पुल्पारिंदोचा तुकडा बुचासारखा, वर चुरलेले टाकीस, मग लुकास गुसानोची ती पातळ चिंच, परत टाकीस. रोल-अप अगदी शेवटी, ओल्या काकडीवर ते दहा मिनिटांत विरघळून हाताला चिकटतं. खरं सांगू तर रोल-अप मला बिनकामाचं वाटतं, फोटोपुरतं आहे, पण पोरांना तेच हवं असतं.

खाल्ल्यावर दात आंबतात हे आधीच सांगते. आणि मीठ! मोठ्या एका पिकलमध्येच हजार मिलिग्रॅमच्या पुढे सोडियम सहज जातं, त्यावर चामॉय, ताहीन, टाकीस, आणि डब्ल्यूएचओ मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाला दोन हजारच्या आत राहा म्हणतं. आमच्याकडे एक पिकल चकत्या करून चौघांत, आणि बीपीवाल्या आमच्या ह्यांना फक्त वास.

नवरा म्हणाला हे काय नवीन खूळ, पण इथे ते तितकं नवीन नाही. सॅन अँटोनिओत पिकाडिली म्हणून एक प्रकार आहे, बर्फाचा चुरा, त्यात पिकलचे तुकडे आणि कूल-एड, म्हणजे पावडरचं रंगीत गोड सरबत. मिसिसिपीकडे तर अख्खी पिकलंच कूल-एडमध्ये मुरवतात. चामॉय पिकल त्याच घराण्यातलं, फक्त मेक्सिकन माहेरचं.

किटला पाचपैकी दीड स्टार, तो अर्धा खोक्याच्या डिझाइनचा. कुणाला भेट द्यायची असेल आणि समोरचा दहा-बारा वर्षांचा असेल तर घ्या, खोकं उघडतानाची मजा त्याला मिळेल. नाहीतर जर्दाळूचं पाकीट आणा. उरलेलं चामॉय आमच्याकडे आंब्याच्या फोडींवर संपलं, तीन दिवसांत, आणि काल बघते तर पोरीने बरणीला चिठ्ठी चिकटवलीय, "हात लावू नये, शुक्रवारी उघडणार".